गाठीला नाव देताना

मराठीत 'गाठ' या शब्दावर फार भार आहे. लग्नाची गाठ, पदराची गाठ, गाठीशी असलेला पैसा, वाटेत कोणाशी पडलेली गाठ, मनाशी बांधलेली खूणगाठ : जोडणे, सांभाळणे आणि अडकणे या तिन्ही क्रिया आपण या एका शब्दात कोंबल्या आहेत. शरीरावरची गाठ मात्र नुसती 'गाठ' म्हणून राहू द्यायला आपण तयार नसतो. ती हाताला लागली की आपण घाईघाईने तिला दुसरे नाव देऊन टाकतो. करट, गळू, केस्तूड, काळपुळी, बेंड, टेंगूळ, चामखीळ, मस, अवधाण, आवाळू... यांतला प्रत्येक शब्द नाव तर आहेच, पण निकालही आहे. केस्तूड म्हटले की ते पिकणार आणि फुटणार. अवधाण म्हटले की पायाला कुठेतरी जखम आहे, ती भरली की तेही जाणार. आणि आवाळू म्हटले की विषयच संपला. ते आहे, राहील, त्याच्या वाटेला जायचे नाही.

कुत्र्यांच्या त्वचेच्या कर्करोगाविषयी लिहायला बसायचे आणि सुरुवात शब्दकोशापासून करायची, ही मराठी शिकवणाऱ्यांची खोड म्हणून सोडून द्यावी. परंतु गेल्या काही वर्षांत या आजाराशी आमच्या घराचा जो संबंध आला, त्यात औषधांइतकाच वाटा या शब्दांचा होता असे मला प्रामाणिकपणे वाटते.

खारी ही आमची कुत्री. जातीने लॅब्रॅडॉर, रंग बेकरीतल्या खारी बिस्किटासारखा. नाव माझ्या मुलीने ठेवलेले. २०२२ च्या पावसाळ्यात, ती नऊ वर्षांची असताना, फिरून आल्यावर तिचे अंग पुसताना उजव्या कोपराच्या मागे, बरगडीवर, वाटाण्याहून जराशी मोठी गाठ माझ्या हाताला लागली. वरचे केस शाबूत, कातडीचा रंग नेहमीचा, दाबले तरी खारीची काही तक्रार नाही. दोन दिवसांत घरातल्या आणि दारातल्या प्रत्येकाने तिच्यासाठी एकेक नाव आणले. दूध घालणारे मामा म्हणाले, "गोचीड डसली असंल मॅडम, हळद लावा." माझ्या पतींच्या मते ती चरबी, वय झाले, दुसरे काय. आणि सासूबाईंनी लांबूनच सांगून टाकले, "आवाळू आहे ते. आमच्या बाबांच्या मानेवर लिंबाएवढं होतं. मरेपर्यंत त्याचं काही झालं नाही."

सासूबाईंच्या बोलण्याला आमच्या घरात या बाबतीत वेगळे वजन आहे. २०१२ मध्ये त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर केमोथेरपी झाली, आणि त्या सगळ्यातून त्या बाहेर आल्या. जिने तो दुसरा शब्द स्वतःच्या अंगावर वागवला होता तीच बाई इथे 'आवाळू' हा शब्द निवडत होती, हे माझ्या मनातून जात नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही खारीला पशुवैद्याकडे घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गाठ दोन बोटांत धरली, हलवून पाहिली आणि म्हणाले, "हाताला तर चरबीचीच लागते." आम्ही सुटकेचा श्वास टाकण्याच्या बेतात असताना त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले, "म्हणूनच मी हातावर विश्वास ठेवत नाही."

या एका वाक्यात या विषयातले जवळजवळ सगळे शहाणपण आले आहे. वयस्क कुत्र्याच्या अंगावर मऊ, हलणारी, न दुखणारी गाठ असली तर ती बहुधा चरबीची, म्हणजे आपले आवाळूच, असते. पण कुत्र्यांच्या त्वचेच्या घातक गाठींमध्ये जी सर्वांत जास्त आढळते, ती मास्ट पेशींची गाठ, नेमकी याच वेषात येऊ शकते. ती कधी मऊ असते, कधी टणक. कधी केसांखाली लपलेली, कधी केस झडून लाल झालेली. कधी चामखिळीसारखी, कधी कीटक चावल्यासारखी. वर ती लहानमोठी होते. आज सुजलेली, परवा ओसरलेली. ओसरली की घरातले लोक म्हणतात, बघा, गेली की नाही हळदीने! बॉक्सर, पग आणि लॅब्रॅडॉर या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या जातींत तिचे प्रमाण अधिक आहे. म्हणून पशुवैद्यांमध्ये एक ठोकताळा रूढ आहे : गाठ वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी असेल, अथवा महिनाभर टिकून असेल, तर तिच्यात सुई घालून पेशी पाहाव्यात. चांगली दिसते की वाईट, हा प्रश्नच तिथे नाही.

रूपावरून निवाडा किती फसवा असतो याची उलटी उदाहरणेही डॉक्टरांनी दिली. दोनतीन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या तोंडावर किंवा कानावर अचानक लालबुंद, बटणासारखी, केस गेलेली गाठ उगवते, आठवड्याभरात वाढते, पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ती बहुतेक वेळा हिस्टिओसायटोमा निघते आणि दोनतीन महिन्यांत आपोआप विरून जाते. काळ्या रंगाची गाठ म्हटली की माणसांच्या अनुभवावरून आपण दचकतो. पण कुत्र्याच्या केसाळ कातडीवरची रंगपेशींची गाठ पुष्कळदा निरुपद्रवी असते, आणि तीच तोंडात किंवा नखाच्या मुळाशी आली तर भयंकर ठरू शकते. पांढऱ्या, विरळ केसांचे कुत्रे उन्हात पोट वर करून तासन्‌तास लोळत असेल, तर पोटाची ती गुलाबी कातडी उन्हाने बिघडते आणि तिथे वेगळ्याच जातीचे कर्करोग होतात. सुरुवातीला ते खरूज किंवा खरचटल्यासारखे दिसतात. न भरणारी जखम, एकाच बोटाचे पुन्हा पुन्हा सुजणारे नख, कुत्रे सतत चाटत असलेली एकच जागा : गाठ नसली तरी या खुणा तितक्याच बोलक्या आहेत. काखेतल्या, गळ्याखालच्या, गुडघ्यामागच्या लसीका ग्रंथी सुजणे ही आणखी एक. (आपले 'अवधाण' ते हेच, फक्त इथे त्याचे कारण पायातला काटा नसतो.)

सुईचे नाव काढताच सासूबाई बिथरल्या. "गाठीला डिवचू नये. सुई लागली की पसरतं," असे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितले की माझे पतीही गप्प झाले. ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे, आणि तिने किती माणसांचे महिने वाया घालवले असतील कोण जाणे. त्वचेवरच्या गाठीत बारीक सुई घातल्याने रोग पसरण्याचा धोका व्यवहारात नगण्य आहे. उलट, काय आहे हे न कळता ती कापायला घेणे अधिक धोक्याचे. हे मी सांगू शकत होते, सांगितलेही. पण ज्या बाईच्या स्वतःच्या अंगावर सुई फिरली होती, तिला पुस्तकी उत्तर देताना जीभ अडखळते. शेवटी त्याच म्हणाल्या, "तू ने. मी काही बघायला येत नाही."

सुईची क्रिया मिनिटाभराची. भूल नाही, टाके नाहीत. इंजेक्शनची साधी सुई गाठीत घालायची, आत जे सापडेल ते काचपट्टीवर उडवायचे, वाळवायचे, रंगवायचे. खारीने या काळात डॉक्टरांच्या मदतनिसाच्या हातातले बिस्किट खाल्ले. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि मग मला बोलावून पाहायला लावले. गोल गोल पेशी, आणि त्यांच्या पोटात जांभळी खसखस ठासून भरल्यासारखे कण. चरबी नव्हती. घरी परतेपर्यंत गाठ सुजून दुप्पट झाली होती आणि भोवतालची कातडी लाल झाली होती. सासूबाईंनी ती पाहिली. "चिडली ना डिवचल्यावर?" त्या म्हणाल्या. गंमत अशी की, या एका गाठीच्या बाबतीत त्यांचे वाक्य शब्दशः खरे होते. ती जांभळी खसखस म्हणजे हिस्टामिन, हेपारिन आदी द्रव्यांची कोठारे. पेशी डिवचली की ती रिकामी होतात आणि गांधी उठल्यासारखी सूज येते. हेच हिस्टामिन रक्तातून जठरापर्यंत पोचून आम्ल वाढवते. म्हणून अशा कुत्र्यांना उलट्या होतात, कधी पोटात व्रण होऊन शौच डांबरासारखे काळे होते. त्यासाठी हिस्टामिनविरोधी आणि आम्ल कमी करणारी औषधे आधीपासून सुरू करतात. सूज म्हणजे रोगाचा फैलाव नव्हे, एवढाच काय तो सासूबाईंच्या आणि शास्त्राच्या म्हणण्यातला फरक.

या पेशीच्या नावाची कथा मला फार आवडते. १८७८ मध्ये पाउल एर्लिख या चोवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात, नव्यानेच मिळू लागलेल्या कृत्रिम रंगांनी ऊती रंगवत असताना, या कणांनी गच्च भरलेल्या पेशींची नोंद केली. त्या खाऊन-पिऊन तृप्त दिसत होत्या. त्या पोषणाशी संबंधित असाव्यात असे मानून, जनावर पोसून लठ्ठ करण्यासाठी जर्मनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याने त्यांना 'मास्ट' म्हटले. म्हणजे आपल्या भाषेत 'माजलेल्या' पेशी. पुढे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी त्यांच्यात हिस्टामिन असते हे दाखवले, पोषणाचा संबंध मागे पडला, पण नाव राहिले ते राहिलेच. थोर शास्त्रज्ञसुद्धा गाठीला नाव देताना रूपावर भाळला, याचे मला थोडे समाधान वाटले हे कबूल केले पाहिजे.

पुढची पायरी शस्त्रक्रियेची. लसीका ग्रंथीत सुई घालून आणि पोटाची सोनोग्राफी करून रोग इतरत्र गेल्याचे दिसत नाही याची खात्री केली. मग डॉक्टरांनी खारीच्या अंगावर पेनाने एक वर्तुळ काढले आणि मी चरकले. द्राक्षाएवढी गाठ आणि तळहाताएवढे वर्तुळ! या पेशी दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडे निरोगी भासणाऱ्या कातडीतही विखुरलेल्या असतात. म्हणून चोहोबाजूंनी दोनतीन सेंटिमीटर आणि खाली स्नायूवरचा एक पापुद्रा, एवढे सगळे काढावे लागते. पहिली शस्त्रक्रिया ही सर्वांत चांगली संधी असते, असे डॉक्टर म्हणाले. गाठ नुसती 'काढून टाकणे' आणि ती नीट काढणे यांत हे वर्तुळ आहे. काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून प्रयोगशाळेकडे पाठवलाच पाहिजे, हेही त्यांनी बजावले.

अहवालाची वाट पाहताना मी या गाठींच्या श्रेणींविषयी वाचले. आणि मला आमच्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका आठवल्या. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील अमिय पटनाईक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८३ कुत्र्यांच्या अभ्यासावरून या गाठींच्या तीन श्रेणी ठरवल्या : पहिली सौम्य, तिसरी जहाल, दुसरी मधली. पद्धत रूढ झाली, पण अडचण लवकरच लक्षात आली. तपासणारे बहुतेक गाठी मधल्या श्रेणीत टाकू लागले, आणि तीच काचपट्टी दोघांनी पाहिली तर दोघांची श्रेणी जुळेना. ज्यांनी केंद्रीय मूल्यमापनाच्या सभागृहात दिवसाला साठ उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मधला शेरा परीक्षकाला सुखाचा असतो. विद्यार्थ्याला त्यातून काहीच कळत नाही. २०११ मध्ये क्युपेल आणि इतरांनी मग दोनच श्रेणींची पद्धत मांडली, जहाल आणि सौम्य. विभाजन होत असलेल्या पेशी किती, केंद्रके किती विचित्र, अशा मोजता येणाऱ्या निकषांवर. खारीच्या अहवालात दोन्ही पद्धतींचे निकाल होते : जुन्या पद्धतीने दुसरी, नव्या पद्धतीने सौम्य. कडा स्वच्छ. मी ते पान सासूबाईंना वाचून दाखवले. 'सौम्य' हा शब्द त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला.

सुश्रुताने ग्रंथी आणि अर्बुद यांत भेद केलेला आहे. अर्बुद वाटोळे, स्थिर, थोडेच दुखणारे, खोल मुळाचे, हळूहळू वाढणारे आणि न पिकणारे. या 'न पिकणारे'त फार मोठे निरीक्षण आहे. पिकून फुटते ते संपते, पिकत नाही त्याची काळजी करावी. एकामागून दुसरे उद्भवणाऱ्या अर्बुदालाही त्याने वेगळे नाव दिले आहे, द्विरर्बुद. हे मला आठवायला कारण घडले. २०२४ च्या जानेवारीत खारीच्या मागच्या डाव्या पायावर, घोट्याच्या जरा खाली, दुसरी गाठ लागली. ही जुनीची शाखा नव्हती, स्वतंत्र होती. एकदा मास्ट पेशींची गाठ झालेल्या कुत्र्यांत असे घडते. सुई, काचपट्टी, जांभळी खसखस.

मात्र तिथे वर्तुळ काढायला कातडीच नव्हती. खालच्या पायावर हाडाला लगटून जेमतेम कातडे असते. तीन सेंटिमीटर कुठून आणायचे? पर्याय समोर आले. पाय काढणे. रेडिएशन, ज्याची सोय आमच्या आसपास कुठेच नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनातील एका झाडाच्या बियांपासून तयार केलेले, थेट गाठीत टोचायचे औषध, ज्याला युरोपात आणि अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत एका इंजेक्शनने सुमारे ७५ टक्के कुत्र्यांची गाठ महिन्याभरात नाहीशी झाली होती. आमच्या डॉक्टरांना ते मिळण्यासारखे नव्हते. आणि चौथा पर्याय म्हणजे जमेल तेवढी गाठ काढून मग केमोथेरपी : प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि विनब्लास्टिनची इंजेक्शने, बारा आठवड्यांत आठ.

खर्चाचा आकडा ऐकून माझ्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये विचारले, "कुत्र्यासाठी?" प्रश्न अगदीच अन्याय्य नव्हता. आमच्याच गावात माणसे उपचार अर्धवट सोडतात, हे मला माहीत आहे. पण त्याहून मला टोचणारा प्रश्न वेगळा होता. सासूबाईंना विचारता आले होते. त्यांनी विचार करून, रडून, हो म्हटले होते. खारीला कोणी विचारायचे? तिच्या लेखी हा आजारच नव्हता. सुसान सोंटॅगने १९७८ मध्ये, स्वतः कर्करोगातून जात असताना, आजाराला रूपक बनवू नये असे आग्रहाने मांडले. मी ते एम.ए.च्या वर्गाला शिकवते. खारीकडे पाहताना लक्षात आले की तिला ते शिकण्याची गरजच नाही. तिच्याजवळ लढाई नव्हती, पूर्वसंचित नव्हते, 'माझ्याच वाट्याला का' नव्हते. पायाला काहीतरी होते आणि ती ते चाटत होती. रूपके सगळी आमची.

डॉक्टरांनी ही गाठ सोडवली ती एका माहितीने. कुत्र्यांची केमोथेरपी माणसांपेक्षा हलक्या मात्रेत देतात. हेतू रोग दाबून ठेवणे आणि दिवस सुखाचे जाणे हा. त्रास फार झाला तर थांबायचे, असे आधीच ठरवून सुरुवात करायची. हे सगळे ऐकून झाल्यावर सासूबाईंनी एकच विचारले, "हिचे केस जातील का?"

"नाही आजी, बहुतेक कुत्र्यांचे जात नाहीत. मिशा गळतील थोड्या."

"मग करा," त्या म्हणाल्या. २०१२ साली त्यांनी आरसा झाकून ठेवला होता.

विनब्लास्टिन हे सदाफुलीपासून मिळते, हे मला तेव्हा कळले. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्या कुंडीत आणि कुंपणापाशी इतकी बारमाही आहे की तिच्याकडे कोणी पाहतही नाही. मधुमेहावर तिची पाने चावणारे एक शेजारी आमच्याकडेही आहेत. कॅनडात नोबल आणि बियर या शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे मधुमेहामुळेच गेले होते. जमैकात लोक साखरेसाठी तिचा काढा पितात म्हणून त्यांना पाने धाडण्यात आली. रक्तातली साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये हे औषध वेगळे काढले गेले. शेकडो किलो वाळक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघते, तेव्हा घरच्या काढ्याने काही साधेल असे कोणी समजू नये. शिरेबाहेर थेंब सांडला तर मांस जळते, इतके ते जहाल आहे. याच झाडाचे दुसरे औषध, विनक्रिस्टिन, आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना समागमातून होणाऱ्या सांसर्गिक कर्करोगावर देतात, आणि आठवड्याला एक अशा थोड्याच इंजेक्शनांत त्यातले बहुसंख्य कुत्रे पूर्ण बरे होतात.

दर इंजेक्शनाआधी रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर आठवडा पुढे ढकलायचा, पुढचे काही दिवस तिची लघवी पुसताना हातमोजे घालायचे. तिसऱ्या इंजेक्शनानंतर खारी दोन दिवस जेवली नाही. प्रेडनिसोलोनने मात्र ती बकासुर झाली, पाणी प्याली बादल्या बादल्या, रात्री दोनदा अंगणात. गोळ्या देण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले. भाकरीच्या गोळ्यात लोणी घालून त्या भरवत आणि भरवताना आपल्या वेळच्या गोष्टी तिला सांगत. आम्हांला त्यांनी त्या कधी सांगितल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे.

आठ इंजेक्शने २०२४ च्या मेमध्ये संपली. तेव्हापासून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात मुलीने कुत्र्याची दोन्ही बाजूंची आकृती काढून ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी अंघोळीनंतर खारीला आडवे करायचे, नाकापासून शेपटीपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, ओठांच्या आत, शेपटीखाली चाचपायचे, आणि जे सापडेल त्याची जागा, तारीख आणि मिलिमीटरमधले माप लिहायचे. नाव लिहायचे नाही, असा नियम आहे. नावाचा रकाना काचपट्टी पाहिल्यानंतर भरला जातो. सध्या वहीत चार गाठी आहेत. तिघींच्या पुढे सासूबाईंच्या वळणदार अक्षरात 'आवाळू' असे लिहिलेले आहे, सुईनंतरच्या तारखेसह. चौथी गेल्या रविवारी छातीवर लागली, अकरा मिलिमीटर. तिचा रकाना रिकामा आहे. गुरुवारी सुई आहे, आणि या वेळी सासूबाई बरोबर येणार आहेत.